नवा टीव्ही घेताना कंपनी बघावी की किंमत? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळी, पाडवा किंवा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा जवळ आली की नवी पेठेतल्या टीव्हीच्या दुकानांत एकच वाद ऐकू येतो. घरातले मोठे म्हणतात, "कंपनीचाच घ्या, बाकीचे टिकत नाहीत." मुलं मोबाइल पुढे करून तेवढ्याच इंचांचा निम्म्या किमतीचा टीव्ही दाखवतात. मी टीव्ही दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे महागडे आणि स्वस्त असे दोन्ही टीव्ही उघडून बघायला मिळतात. लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे दिली आहेत. मॉडेलची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण ती दर वर्षी बदलतात.

आमच्याकडे वडिलांपासून एकाच कंपनीचा टीव्ही आहे, कधी त्रास झाला नाही. मग दुसरी कंपनी कशाला बघायची?

तुमच्या वडिलांचा विश्वास चुकीचा नव्हता. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी भारतात रंगीत टीव्ही आला आणि पुढची वीसेक वर्षं ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, सलोरा, वेस्टन या नावांनी गाजवली. टीव्ही हा तेव्हा घरातला मोठा खर्च होता. एकदा आणला की मुलं शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तोच चालायचा. बिघडला तर मेकॅनिक मागचं झाकण काढून एखादा कपॅसिटर नाहीतर फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर बदलायचा आणि संध्याकाळी टीव्ही पुन्हा सुरू. ज्या कंपनीचे पार्ट सहज मिळत आणि ज्यांचा माणूस घरी येई, तिच्यावर घराण्याचा विश्वास बसला.

त्यातली किती नावं आज दुकानात दिसतात ते बघा. व्हिडिओकॉन आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी. तिचा टीव्ही सोलापुरात गल्लोगल्ली होता. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जपानच्या तोशिबाचा टीव्हीचा धंदा त्याच वर्षी चीनच्या हायसेन्सकडे गेला. फिलिप्सचं नाव असलेले टीव्ही आज जगात बहुतेक ठिकाणी टीपीव्ही नावाची दुसरीच कंपनी बनवते. नाव तेच, रंग तोच, पण मागे मालक, कारखाना आणि सर्व्हिस देणारी माणसं बदललेली.

म्हणून जुन्या कंपनीवर जीव असेल तर जरूर तिच्यापासून सुरुवात करा. पण ज्या कारणासाठी तुम्ही तिला मानत होता, ते कारण आज शिल्लक आहे का, एवढं तपासा. पूर्वी कधी त्रास झाला नाही हे त्या जुन्या टीव्हीचं प्रमाणपत्र आहे, नव्याचं नव्हे.

म्हणजे कंपनीच्या नावाला आता काहीच अर्थ नाही का?

अर्थ आहे, पण तो पडद्यात कमी आणि पडद्यामागे जास्त आहे.

टीव्हीचा सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आणि जगात एलसीडी पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. त्यातल्या मोठ्या आता चीनमध्ये आहेत: बीओई, टीसीएलची सीएसओटी, एचकेसी. सॅमसंगने २०२२ पर्यंत एलसीडी पॅनेल बनवणं बंद केलं. एलजीचा ग्वांगझूमधला एलसीडी कारखाना २०२५ मध्ये सीएसओटीकडे गेला. सोनी टीव्हीसाठी स्वतः पॅनेल बनवतच नाही. त्यामुळे साठ हजारांच्या आणि तीस हजारांच्या टीव्हीत एकाच कारखान्याचा पॅनेल असणं अजिबात अशक्य नाही. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचे पॅनेलही निघू शकतात.

मग पैसे कुठे जातात? पॅनेलमागच्या एलईडी दिव्यांची रचना, चित्र सुधारणारी चिप, रंगांचं कॅलिब्रेशन म्हणजे रंग बरोबर जुळवणं, पॉवर बोर्डचा दर्जा, सॉफ्टवेअरचे अपडेट आणि सर्व्हिसचं जाळं यांत. चांगल्या कंपनीचा फरक दिसतो तो साधा चॅनेल मोठ्या पडद्यावर ताणून दाखवताना, क्रिकेटमध्ये चेंडू वेगाने धावताना आणि माणसाच्या कातडीचा रंग दाखवताना. हे मी खरोखर मानतो. फक्त ४३ इंचांपर्यंतच्या साध्या मॉडेलमध्ये हा फरक एवढा कमी होतो की निव्वळ नावासाठी पाच-सात हजार जास्त द्यावेत असं मला वाटत नाही. आणि मोठ्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल हे बऱ्याचदा मधल्या कंपनीच्या चांगल्या मॉडेलपुढे फिकं पडतं. त्या मॉडेलवर तुम्ही नावाची किंमत भरता आणि माल मात्र काटकसरीचा मिळतो.

कोडॅक, थॉमसन, ब्लॉपुंक्ट ही तर जुनी परदेशी नावं आहेत. ती घ्यावीत का?

ही नावं परवान्यावर वापरलेली आहेत. भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही आपल्याच देशातली कंपनी बनवते. नोकिया नावाचा टीव्ही २०१९ मध्ये फ्लिपकार्टने आणला होता. परवाना घेणं कायदेशीर आहे, त्यात फसवणूक नाही. पण कोडॅकचा कॅमेरा चांगला होता म्हणून टीव्ही चांगला असेल, हा हिशोब लागू होत नाही. असा टीव्ही बघताना नाव झाका आणि उरलेल्या वस्तूची किंमत करा. किमतीच्या मानाने त्यातले काही टीव्ही चांगले निघतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. परवाना संपतो, कंपन्या धंदा गुंडाळतात. वनप्लस आणि रियलमी या मोबाइलमधल्या तगड्या कंपन्या, पण २०२३ च्या सुमारास दोघीही भारतातल्या टीव्ही बाजारातून बाजूला झाल्या. ज्यांच्याकडे त्यांचे टीव्ही आहेत, त्यांना पुढे बोर्ड आणि पार्ट मिळवणं सोपं जात नाही.

सोलापुरात सर्व्हिस आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

माझ्या मते सगळ्या खरेदीतला हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात, तेही टीव्ही बंद पडल्यावर.

दुकानदार म्हणतो, "सर्व्हिसची काळजी करू नका, घरी येऊन करतात." तो खोटं बोलत नसेल, पण घरी येणारा माणूस कुठून येतो? काही कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरातच आहे. काहींचा माणूस पुण्याहून नेमलेला असतो आणि चार-पाच तक्रारी जमल्या की एकदम येतो. काहींनी स्थानिक मेकॅनिकशी करार केलेला असतो. तो येऊन फोटो काढतो, पार्टची मागणी पाठवतो आणि मग वाट बघायची. तुम्ही अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी किंवा करमाळ्याला राहत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण शहरात सेवा असली म्हणजे तालुक्याला असते असं नाही.

पैसे देण्याआधी हे करा. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर स्वतः फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा की या पत्त्यावर इन-होम सर्व्हिस आहे का, सेंटर कुठे आहे. फोन किती वेळ कुणी उचलत नाही, तेही लक्षात ठेवा. वॉरंटीत तक्रार करायची वेळ आली तर हाच नंबर लावायचा आहे. सेंटर शहरात असेल तर एकदा समोरून जाऊन या. बाहेर लोक तावातावाने बोलत असतील तर दहा मिनिटांत बरंच कळतं.

मग आपल्या भागातल्या जुन्या मेकॅनिकला विचारा. प्रत्येक पेठेत एक तरी असतोच. "अण्णा, कुठल्या कंपनीचे बोर्ड मिळतात आणि कुठले मिळत नाहीत?" एवढंच विचारा. वॉरंटी साधारण एक वर्षाची असते, काही कंपन्या पॅनेलवर आणखी एक वर्ष देतात. त्यानंतरची पाच-सहा वर्षं तुमचा टीव्ही याच माणसाच्या हातात असणार आहे. त्याला पार्ट मिळत नसेल तर वरचं नाव कितीही मोठं असलं तरी टीव्ही भिंतीवर टांगून ठेवण्यापुरताच उरतो.

घराच्या मानाने किती इंची घ्यावा?

बसायची जागा आणि भिंत यांतलं अंतर टेपने मोजा. ३२ इंचीचा पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद असतो, ४३ इंचीचा ९५ आणि ५५ इंचीचा १२२. आरामात बघायला ४३ इंचीसाठी सहा फूट आणि ५५ इंचीसाठी साडेसात फूट अंतर चांगलं. साखर पेठ किंवा दाजी पेठेतल्या जुन्या घराची दहा बाय दहाची खोली असो नाहीतर कुंभारीच्या रे नगरमधलं छोटं घर, तिथे ४३ इंची पुष्कळ झाला. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हॉल लांब असेल तर ५५ घ्या.

मोठ्या नावाचा ४३ आणि मधल्या नावाचा ५० एकाच किमतीत असेल आणि खोली मोठी असेल, तर मी ५० इंचीकडे झुकतो, सर्व्हिस ठीक असेल तर. आकाराचा फरक रोज दिसतो.

फोर-के लागतोच का? आमच्याकडे साधी डिश आहे.

४३ इंचांपासून वर आता बहुतेक टीव्ही फोर-केच मिळतात, त्यामुळे तो निर्णय आपोआप होतो. पण टीव्ही फोर-के झाला म्हणून चॅनेल फोर-के होत नाही. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. म्हणून डीडी फ्री डिशवरचा चॅनेल ५५ इंचीवर पुसट दिसतो आणि लोकांना वाटतं टीव्ही खराब निघाला. घरात मुख्यतः फ्री डिश किंवा साधं पॅकेज चालत असेल तर ३२ किंवा ४३ इंचीवर थांबा. वाचलेल्या पैशातून डीटीएचचा एचडी बॉक्स घेतलात तर चित्रात जास्त फरक पडेल.

फ्री डिशवाल्यांनी आणखी एक बघावं. जुना बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांवर चालतो. नव्या टीव्हीला बऱ्याचदा या पिना नसतात किंवा छोटा अडॅप्टर लागतो. तो खोक्यात आहे का, विचारून घ्या.

क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी... यातलं काय घ्यायचं?

क्यूएलईडी म्हणजे एलईडी टीव्हीच, फक्त रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर जास्त. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि संख्येने खूप असतात, त्यामुळे काळा भाग जास्त काळा दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. मोठ्या टीव्हीसाठी असे पॅनेल मुख्यतः एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले बनवतात. घरात दिवसभर बातम्यांचा चॅनेल आणि त्याची खालची पट्टी चालू असेल तर ओएलईडी घेऊ नका, पडद्यावर कायमचा डाग बसू शकतो.

दुकानात उभं राहून चांगला-वाईट कसा ओळखायचा? सगळेच झकास दिसतात.

झकास दिसावेत अशीच त्यांची मांडणी असते. दुकानात टीव्ही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेला असतो आणि कंपनीनेच दिलेला व्हिडिओ चालू असतो: पोपट, फुलं, समुद्र. त्यावर काहीच ठरवता येत नाही.

सोलापूरचा माणूस चादर घेताना शिक्क्यावर भुलत नाही. हातात घेऊन वजन बघतो, उलटी करून वीण बघतो, ओला रुमाल घासून रंग सुटतो का बघतो. टीव्हीलाही तसाच हात लावायचा.

दुकानदाराला सांगून चित्र स्टँडर्ड किंवा सिनेमा मोडवर आणा. पेन ड्राइव्हमध्ये मोबाइलवर काढलेला घरच्या माणसांचा एखादा व्हिडिओ घेऊन जा आणि तो लावा. आपल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग आपल्याला पाठ असतो; तो लालबुंद किंवा पांढराफटक दिसला तर लगेच कळतं. मग रात्रीचं किंवा अंधाराचं दृश्य लावून कोपऱ्यांत पांढरे पट्टे, ढगाळ डाग दिसतात का बघा. नंतर बाजूला सरका. आपल्या घरी सगळे समोर बसत नाहीत, कुणी दिवाणावर असतं, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असतं. काही पॅनेलचा रंग बाजूने बघितल्यावर उडतो. आयपीएस प्रकारचा पॅनेल बाजूने चांगला दिसतो, व्हीए प्रकारचा समोरून जास्त गडद काळा दाखवतो. अंधारात सिनेमा बघणाऱ्याने व्हीए घ्यावा, भरल्या घराने आयपीएस.

आवाज ऐका. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर लहान आणि खाली तोंड केलेले आले. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा बातमीदाराचा शब्द स्पष्ट कळतो का, ते महत्त्वाचं. शेवटी रिमोट हातात घ्या आणि यूट्यूब उघडा. उघडायला वेळ लागत असेल तर दोन वर्षांनी तो आणखी लागेल. मागे एचडीएमआय किती आहेत, साउंडबारसाठी एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारला देणारी सोय) आहे का, तेही बघून ठेवा.

असं तपासू देणारा दुकानदार चांगला. "डिस्प्लेला लावलेला आहे, हात लावू नका" म्हणणाऱ्याकडे मी तरी पैसे देणार नाही.

ऑनलाइन घ्यावा की नवी पेठेतून?

सेलमध्ये ऑनलाइन किंमत बऱ्याचदा खाली जाते, हे खरं आहे. ती किंमत दाखवून स्थानिक दुकानदाराशी बोला. पुष्कळदा तो थोड्या फरकावर येतो आणि त्याच दिवशी टीव्ही घरी पोहोचवून बसवून देतो. दोन-अडीच हजारांचा फरक असेल तर मी दुकान निवडतो, कारण पहिल्या आठवड्यात काही निघालं तर समोर उभं राहून बोलता येतं. फरक मोठा असेल तर ऑनलाइन घ्या, पण डिलिव्हरी देणाऱ्यासमोर खोकं उघडा, पडद्यावर तडा नाही ना ते बघा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढा. वाहतुकीत फुटलेला पॅनेल वॉरंटीत बसत नाही. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा; एका अक्षराच्या फरकाने पॅनेल, मेमरी किंवा वर्ष बदललेलं असू शकतं.

स्मार्ट टीव्ही दोन वर्षांत हँग होतो. मग स्मार्टसाठी जास्त पैसे का द्यायचे?

देऊ नका. टीव्ही घेताना पडदा, आवाज आणि सर्व्हिस यांच्यासाठी पैसे मोजा. आतलं सॉफ्टवेअर मंदावलं तर दोन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून टीव्ही पुन्हा चपळ होतो. मंद रिमोटपायी चांगल्या पॅनेलचा टीव्ही काढून टाकणं ही मोठी नासाडी आहे. मेमरी (रॅम) मात्र किमान दीड-दोन जीबी असू द्या.

सोलापुरात व्होल्टेज खालीवर होतं. स्टॅबिलायझर लागेल का?

आजचे टीव्ही साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, मागच्या लेबलवर ते छापलेलं असतं. त्यामुळे नेहमीच्या कमी-जास्त दाबासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. टीव्ही मरतात ते दुसऱ्या दोन कारणांनी.

एक म्हणजे न्यूट्रलची तार तुटणं. थ्री-फेज लाइनवर खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सैल झाला की घरात २३० ऐवजी थेट ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. मग टीव्ही, फ्रिज, पंखे एकदम जातात आणि अख्ख्या गल्लीत तीच ओरड होते. यावर उपाय म्हणजे मीटरनंतर बसवायचं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. एवढ्या एका खर्चाने घरातली सगळी उपकरणं वाचतात.

दुसरं म्हणजे आकाशातली वीज. एप्रिल-मेमध्ये उन्हाने अंग भाजतं आणि दुपारनंतर अचानक वळीव येतो, कडकडाट होतो. त्या वेळी रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची केबलही काढा. छतावरच्या डिशच्या तारेतून आलेला झटका एचडीएमआयमधून थेट मुख्य बोर्डात जातो. यात जळालेला बोर्ड वॉरंटीत धरत नाहीत, कुठल्याही कंपनीचा असो.

आमच्या घरातच यंत्रमाग आहेत. टीव्हीला त्याचा त्रास होतो का?

होतो. सुताचा बारीक कापूस मागच्या जाळीत जाऊन बसतो, हवा खेळत नाही, आत उष्णता साठते आणि दमट दिवसांत तोच थर बोर्डावर ओल धरतो. टॉवेल-चादरीच्या कारखान्याला लागून राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा टीव्ही बंद करून मऊ ब्रशने मागची जाळी साफ करावी. ब्लोअरने आत जोरात हवा मारू नये, कापूस आणखी खोल जातो. टीव्ही भिंतीला अगदी चिकटवून बसवू नका आणि शक्यतो पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर नको.

सगळ्यांसाठीच एक सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एलईडी टीव्हींत आतले दिवे, म्हणजे बॅकलाइटच्या पट्ट्या गेलेल्या खूप असतात. बॅकलाइट कायम १०० वर ठेवला की त्या लवकर जातात. टीव्ही बसवल्या दिवशी तो ६०-७० वर आणा. महाग असो वा स्वस्त, आयुष्य वाढवणारी याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

वीस हजारांच्या आतल्या टीव्हीला नको. ते पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ५५ इंची आणि वर असेल तर विचार करा, कारण पॅनेल गेला तर खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे सहज जातो. पण ती कंपनीचीच असावी. दुकानात बिलाबरोबर चिकटवलेली तिसऱ्याच कुणाची योजना असेल तर दावा कुठे आणि कसा करायचा, ते आधी कागदावर वाचा.

"झीरो टक्के व्याज" म्हणतात ते खरं असतं का?

रोख किंमत आधी विचारा, हप्त्याची नंतर. नो कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीवर मिळणारी सूट बहुतेक वेळा निघून जाते, वर प्रोसेसिंग फी आणि कधी न मागितलेला विमाही जोडलेला असतो. सगळे हप्ते आणि फी यांची बेरीज करून रोख किमतीशी ताडा. हप्ते सोपे आहेत म्हणून ठरवल्यापेक्षा मोठ्या नावाचा टीव्ही घेतलेली घरं मी बघतो, आणि पगार लांबला की त्यांची ओढाताण होते.

जीएसटी उतरला, मग किंमत किती कमी व्हायला हवी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आधी ३२,००० ला मिळणारा टीव्ही मूळ किंमत तीच राहिली तर २९,५०० ला यायला हवा. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर कर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे त्यावर "जीएसटी कमी झाल्याची सूट" असं कुणी सांगत असेल तर ती साधी सेलची सूट आहे.

जास्त स्टारचा टीव्ही घेतला तर बिल खूप कमी येतं का?

एसी-फ्रिजइतका फरक पडत नाही. ८० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर वर्षाला साधारण १४६ युनिट होतात. त्यातले पंधरा-वीस टक्के वाचले तरी स्टारसाठी तीन हजार जास्त देणं वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील.

कंपनी दाद देत नसेल तर काय करायचं?

पहिली तक्रार कंपनीकडेच करा आणि तक्रार क्रमांक, तारीख, बोलणाऱ्याचं उत्तर लिहून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथेही निकाल लागला नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल मात्र हवं. "बिल नको, हजार रुपये कमी करतो" या बोलीला भुललात तर वॉरंटी आणि दाद मागण्याची सोय, दोन्हींवर पाणी सोडावं लागतं.

जास्त पैसे देऊन नामांकित कंपनीचा टीव्ही नेमका कधी घ्यावा?

पडदा ५५ इंचांहून मोठा असेल, घरात क्रिकेट आणि सिनेमा खरोखर लक्ष देऊन बघितले जात असतील, किंवा मुलांना गेमिंगसाठी १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा हवा असेल, तर द्या. तिथे चिपचा आणि कॅलिब्रेशनचा फरक डोळ्यांना दिसतो. आई-वडील गावी एकटे राहत असतील तरीही मी सर्व्हिसचं जाळं असलेली कंपनीच सुचवतो. मुलगा पुण्याला असताना त्यांनी टीव्हीसाठी कुणाकुणाला फोन करायचे? त्यांना रिमोटही साधा, मोठ्या बटणांचा लागतो.

बाकी घरांसाठी सर्व्हिस असलेल्या तीन-चार कंपन्या निवडा आणि त्यांच्यात डोळ्यांना पटेल तो स्वस्त टीव्ही घ्या.

जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावा का?

आधी त्याला काय झालंय ते बघा. आवाज येतो पण पडदा काळा आहे? खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल ठीक आहे, फक्त बॅकलाइट गेला आहे. त्या पट्ट्या बदलता येतात आणि टीव्ही आणखी काही वर्षं चालतो. पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा किंवा शाई सांडल्यासारखा डाग असेल तर बहुधा पॅनेल गेला. मग दुरुस्तीत पैसे घालू नका. एक्स्चेंजची रक्कम ऐकल्यावर एक्स्चेंजशिवायची किंमतही विचारा, बऱ्याचदा दोन्हींत फारसा फरक नसतो. जुना डबा टीव्ही असेल तर भंगारात फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. नवा टीव्ही देणाऱ्या दुकानाला कंपनीच्या ई-कचरा संकलनाबद्दल विचारा आणि तो अख्खाच त्यांच्या ताब्यात द्या.